देव्हाऱ्यातली सनद

दिवाळी आटोपली, की आपल्याकडे दोन हंगाम सुरू होतात. एक लग्नसराईचा आणि दुसरा चर्चासत्रांचा. दोहोंतले साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. दारावर कापडी फलक, स्वागताला गुलाबाचे फूल, व्यासपीठावर मानापमान, हातात जेवणाचे कूपन आणि मुख्य विधीला हमखास झालेला उशीर. फरक एवढाच, की लग्नाला आलेल्या पाहुण्याला हजेरीचे प्रमाणपत्र लागत नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका कादंबरीच्या निमित्ताने मी जुन्या सावकारी पेढ्यांच्या हिशेबांत डोके घातले, आणि तेव्हापासून इतिहासाच्या चर्चासत्रांना श्रोता म्हणून जाऊ लागलो. अशाच एका चर्चासत्रात दिवसभरात चाळीसहून अधिक निबंध वाचले जायचे होते. प्रत्येकाला सहा मिनिटे. दुपारच्या सत्रात एका तालुक्याच्या गावचे प्राध्यापक उभे राहिले. त्यांनी एका जुन्या घराण्याच्या कीर्दीच्या काही पानांच्या छायाप्रती आणल्या होत्या. दुष्काळाच्या एका सालात त्या घरातून काय काय विकले गेले, याच्या नोंदी ते मोडीतून थेट वाचून दाखवत होते. वाचन सावकाश चालले होते. दुसऱ्या पानावर घंटा वाजली. अध्यक्ष म्हणाले, "सर, निष्कर्ष तेवढा सांगा." ते म्हणाले, "निष्कर्ष अजून निघालेला नाही. वाचन चालू आहे." आणि खाली बसले. सभागृहाने सवयीने टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी मी त्यांना गाठले. गेली चार वर्षे दर रविवारी ते ती कीर्द वाचत होते. वर्षाअखेरीस कामाचा जो तक्ता भरून द्यावा लागतो, त्यात या कामासाठी रकाना नाही, असे त्यांनी हसत हसत सांगितले. चर्चासत्राला हजर राहिल्याबद्दल गुण आहेत, निबंध वाचल्याबद्दल आहेत, तो छापून आल्याबद्दल आहेत. कागद वाचल्याबद्दल नाहीत.

घरी परतताना मला माझ्या नोकरीतला एक जुना प्रसंग आठवला.

१९८९-९०च्या सुमाराची गोष्ट. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. एक वयस्कर शेतकरी विहिरीसाठी कर्ज मागायला आले. सातबारा, आठ-अ, फेरफाराचे उतारे सगळे ठीक होते. पण तेवढ्याने आपली पत साहेबाला पटणार नाही असे वाटून त्यांनी लाल फडक्यात गुंडाळलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर हळदकुंकवाचे डाग होते. ही आमची सनद, ते म्हणाले. महाराजांनी जमीन दिली त्याची. तीन पिढ्या तो कागद देव्हाऱ्यात होता आणि दसऱ्याला त्याची पूजा होत असे. कागद मोडीत होता. आमच्या वकिलांना मोडी येत नव्हती आणि मलाही नाही. गावात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, त्यांना बोलावले. गुरुजींनी भिंग लावून कागद दोनदा वाचला. तो कर्जरोखा होता. पणजोबांनी एका सावकाराकडून पैसे घेतले होते. पाठीवर हप्त्याहप्त्याने फेडीचे शेरे होते आणि शेवटी बाकी काही राहिली नसल्याची नोंद.

खोलीत जरा वेळ कोणी बोलले नाही. मग म्हातारबुवांनी विचारले, "म्हंजी गुरुजी, जमीन कुणी दिली न्हवती?"

"दिली नव्हती," गुरुजी म्हणाले. "राखली होती."

कर्ज सातबारावरच मंजूर झाले; त्या कागदाचा बँकेला काही उपयोग नव्हता. म्हातारबुवांनी मात्र तो पूर्वीपेक्षा जास्त जपून फडक्यात बांधला, कपाळाला लावला आणि परत नेला. पुढेही तो देव्हाऱ्यातच राहिला असेल. पण आता त्या घराला आपण कशाची पूजा करतो हे ठाऊक होते.

आपल्या इतिहासाची अवस्था त्या फडक्यातल्या कागदासारखी झाली आहे, असे मला अलीकडे फार वाटते. त्याची पूजा जोरात आहे. त्यावरून भांडणे होतात, मोर्चे निघतात, पुस्तके जाळली जातात. ५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकाच्या निषेधार्थ जमाव पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसला आणि त्याने ग्रंथ-हस्तलिखितांची नासधूस केली. अस्मितेच्या नावाने अस्मितेचेच कागद फाटले. पण फडके सोडून आत काय लिहिले आहे ते वाचणारे गुरुजी मात्र दर वर्षी कमी होत चालले आहेत. वाचणारे तयार करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, ती आपली विद्यापीठे चर्चासत्रांच्या पिशव्या वाटण्यात गुंतली आहेत.

हे असे नेहमीच नव्हते. महाराष्ट्रातल्या इतिहास-संशोधनाचा पाया विद्यापीठात घातला गेला नाही, ही गोष्ट आपण विसरतो. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत. शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले कागद निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. राजवाड्यांना पानिपताच्या मोहिमेसंबंधीचे कागद वाईत मिळाले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. पुढे असे २२ खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्या मंडळींत सरकारी पगारावर संशोधन करणारे जवळजवळ कोणी नव्हते. शिक्षक, वकील, कारकून, संस्थानी नोकर अशी ती माणसे. पाक्षिक सभा भरत, कोणी चार कागद वाचून दाखवी, दुसरा तिथी चुकल्याचे दाखवून देई, तिसरा लेखकाच्या अक्षरावरूनच शंका काढी. मतभेद इतके कडवे असत, की आज त्यांचे वृत्तान्त वाचताना हसू येते. खुद्द राजवाड्यांचे कोणाशी फार काळ पटले नाही. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यात वारले आणि लगोलग तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. पण भांडण कागदावर होई आणि कागद समोर असे. संशोधकांचा समाज म्हणतात तो असा बनतो. सत्काराने बनत नाही.

याच मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, दत्तो वामन पोतदारांच्या पुढाकाराने, १९३५ साली पुण्यात देशभरातले इतिहासकार जमले. शफाअत अहमद खान अध्यक्ष होते. आज जिला इंडियन हिस्ट्री काँग्रेस म्हणतात तिचे हे पहिले अधिवेशन. पुढे पोतदार पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मंडळ आणि विद्यापीठ यांच्यातले अंतर एका माणसाने पायी तोडले असे म्हणता येईल. आणि काळाचा महिमा पाहा. त्याच संस्थेचे अधिवेशन २०१८च्या डिसेंबरात त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात व्हायचे ठरले होते. ऐन वेळी विद्यापीठाने पैशांची अडचण सांगून असमर्थता कळवली आणि अधिवेशन २०१९च्या फेब्रुवारीत भोपाळला झाले. त्या निर्णयाची तेव्हा उलटसुलट चर्चा झाली, ती येथे नको. पण जिथे पाळणा हलला त्या गावात पाहुण्यांची सोय होऊ नये, ही बातमी मनाला लागली.

विद्यापीठांनी काही केलेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. वि. त्र्यं. गुणे यांनी डेक्कन कॉलेजात राहून महजरांसारख्या अप्रकाशित कागदांच्या आधारे मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. १९५३ साली तो छापला गेला आणि आजही त्यावाचून त्या विषयात पाऊल टाकता येत नाही. हेच गुणे पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले. अ. रा. कुलकर्णी यांचे 'शिवकालीन महाराष्ट्र' पुणे विद्यापीठातल्या अध्यापनाबरोबरच आकाराला आले. त्यात लढाया कमी आणि शेतसारा, पेठा, बलुतेदार जास्त. हिरोशी फुकाझावा आणि हिरोयुकी कोतानी हे जपानी अभ्यासक मराठी शिकले, आपली दप्तरे त्यांनी चाळली आणि अठराव्या शतकातला आपल्या खेड्यातला वेठबिगार आपल्यालाच समजावून सांगितला. प्राची देशपांडे यांनी २०२३ साली आलेल्या इंग्रजी ग्रंथात मोडी लिहिणाऱ्या हातांचाच इतिहास लिहिला. म्हणजे बी आहे, जमीन आहे. मग पीक का येत नाही?

बँकेत होतो म्हणून मला याचे उत्तर ओळखीचे वाटते. दर मार्चमध्ये आम्हाला उद्दिष्टे येत. अमुक हजार नवी खाती. मग ३१ मार्चपर्यंत धडाक्याने खाती उघडली जात आणि त्यांतली निम्मी १ एप्रिलपासून निपचित पडत. कागदावर शाखा पहिली येई आणि तिजोरीत भर पडत नसे. संशोधनाचे असेच झाले. प्राध्यापकाच्या बढतीसाठी निबंध मोजायचे ठरले, तेव्हा निबंध छापणारी मासिके भराभर उघडली गेली. २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगालाच आपल्या मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके एका झटक्यात काढून टाकावी लागली. पीएच.डी.आधी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२च्या नियमांनी उठवली, हे बरे झाले. पण मोजण्याची सवय मुरली ती मुरलीच. जे मोजता येते ते केले जाते, आणि कागद वाचणे मोजता येत नाही.

वाचायचे तरी किती आहे? एकट्या पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे आपल्या तोंडी असलेल्या पेशवे दफ्तरात, सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे. कागदांची गणना कोटींत होते. १८१८ला राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी हे दप्तर हाती घेतले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे हे ठरवायला इनाम कमिशनने ते उलथेपालथे केले. संशोधकांना त्याची दारे फार काळ बंदच होती. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या रियासतकार सरदेसायांसाठी ती उघडली, तेव्हा पुण्याच्या मंडळींत नाराजीही उमटली. सरदेसायांनी १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात ४५ खंड काढले. काम अफाट होते, पण निवड मुख्यतः राजकीय पत्रांची. रोजकीर्दी, घडण्या, प्रांत अजमास, पागा, पथके यांचे हिशेब बव्हंशी रुमालातच राहिले.

हिशेब म्हटले की इतिहासप्रेमी माणूस नाक मुरडतो. मला मात्र त्यातच खरी गोडी वाटते. पत्र लिहिणारा थाप मारू शकतो, बखर लिहिणारा तर मारतोच. पण जमाखर्च मांडणाऱ्याला संध्याकाळी बाकी जुळवावी लागते. खोटे तिथेही असते, पण ते कुठेतरी आकड्यात उघडे पडते. आम्ही बँकेत तपासणीला जात असू तेव्हा व्यवस्थापकाच्या अहवालाआधी चिठ्ठ्या-चपाट्या, म्हणजे व्हाउचर पाहत असू. महाराष्ट्राच्या इतिहासाचे अहवाल पुष्कळ झाले आहेत. व्हाउचर तपासायचे राहिले आहेत.

साधे गणित करू. एक तयार वाचक दिवसाला वीस कागद वाचून त्यांची नोंद करील आणि वर्षातले दोनशे दिवस बसेल असे धरले, तर वर्षाला चार हजार कागद होतात. एक कोटी कागदांना अडीच हजार वर्षे लागतील. हे ऐकून हात टेकायचे कारण नाही. असे शंभर वाचक असले तर तेच काम पंचवीस वर्षांत होईल. शंभर माणसे! एवढी माणसे तर एकेका चर्चासत्राच्या जेवणाच्या रांगेत असतात.

यंत्र हे करील, असे हल्ली सांगतात. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली. २०२५ साली रुरकीच्या आयआयटीने मोडी कागदाचे देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली जाहीर केली. मी याचे स्वागतच करतो. संगणक आला तेव्हा खतावण्या जाणार म्हणून संप करणाऱ्यांत मीही होतो आणि पुढे त्याच संगणकाने माझ्या रात्री वाचवल्या. पण यंत्राला अक्षर शिकवायलाही आधी कोणीतरी वाचलेले कागद लागतात. आणि अक्षर लागले म्हणजे अर्थ लागला असे नाही. तारखेआधीचा एकटा 'छ' म्हणजे चांद्र तिथी, पुढे अरबी महिना, वर्ष शुहूर सनाचे, आणि रक्कम कोणत्या चलनातली हे ठरवायचे. यंत्राने लावलेले वाचन बरोबर की चूक हे सांगायलाही मोडी जाणणारा माणूसच लागेल. तोच नसेल तर यंत्राच्या चुका आपण देव्हाऱ्यात ठेवू.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मला एका विद्यार्थिनीने ऐकवला. ती म्हणाली, "हे सगळे कागद लिहिले कुणी? मूठभर जातींच्या हातांनी. आमचे आजे-पणजे त्यात कुठे आहेत?" तिचे म्हणणे खरे आहे. दप्तर लिहिणारे हात मोजक्या घरांतले होते, आणि ते वाचणारेही पुढे बराच काळ त्याच घरांतले राहिले. पण त्या हिशेबांत तिचे पणजोबा नाहीत असे नाही. ते वेठीला धरलेले म्हणून आहेत, हक्कासाठी भांडणारे महार-रामोशी म्हणून आहेत, दंड भरलेली विधवा म्हणून कोणाची पणजी आहे. लिहिणाऱ्याने त्यांची एक ओळ केली. त्या ओळीचा अर्थ वाचणाऱ्याने लावायचा आहे. म्हणून वाचणारा कोण, याला महत्त्व आहे. सदाशिव पेठेतल्या पाक्षिक सभेत ही मुलगी त्या काळी पोहोचली नसती. विद्यापीठाच्या वर्गात ती पोहोचली आहे. विद्यापीठाचे खरे भांडवल हे, आणि तेच ते पडून ठेवत आहे.

जुना कागद म्हणजे हौशी लोकांचा छंद, असे कोणी म्हणत असेल तर त्याने २०२३ साल आठवावे. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्याची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो; घराघरांतली मुले आपल्या भवितव्यासाठी एका अक्षरावर अवलंबून होती आणि ते अक्षर वाचणारा माणूस सापडत नव्हता. इनाम कमिशननंतर पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा तेच. कागद कधी ना कधी दाराशी येतोच. त्या दिवशी गुरुजी कुठून आणायचे?

मोडी शिकवणारे वर्ग आहेत. पुराभिलेख संचालनालय घेते, काही संस्था घेतात. दहा-पंधरा दिवसांत बाराखडी येते, प्रमाणपत्र मिळते आणि पुढे वाचायला कोणी देत नाही म्हणून विसरते. सूतिका झाली पण बाळाला दूध नाही, तशी ही गत. म्हणून विद्यापीठांपुढे तीनच गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. पहिली, इतिहासाच्या प्रत्येक विभागाने एखादे दप्तर किंवा ठरावीक रुमाल दत्तक घ्यावेत आणि दहा वर्षे सोडू नयेत. दुसरी, पन्नास कागदांचे नीट वाचन, टिपा आणि प्रस्तावना एवढे काम एम.ए.च्या प्रबंधिकेला आणि त्याहून मोठे पीएच.डी.ला पुरेसे मानावे. खरे-राजवाड्यांनी आयुष्यभर केले ते आज पदवीच्या योग्यतेचे ठरू नये, हे बरे दिसत नाही. तिसरी आणि सर्वांत स्वस्त: दर पंधरवड्याला एक बैठक. फलक नाही, फूल नाही. एक कागद, वाचणारा एक, चुका काढणारे दहा. घंटा नाही.

परवा त्या तालुक्याच्या प्राध्यापकांचा फोन आला होता. दुष्काळाचे साल संपले, म्हणाले. पुढच्या सालात त्या घरात दोन बैल विकत आल्याची नोंद लागली. ती सांगताना त्यांच्या आवाजात असा आनंद होता, की जणू बैल त्यांच्याच गोठ्यात आले. मी विचारले, "मग आता निष्कर्ष?" ते म्हणाले, "अजून अकरा साले वाचायची आहेत."

मीही रविवारी मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो आहे. साठी उलटल्यावर अक्षर लवकर बसत नाही. एक ओळ लावायला सकाळ जाते. पण आमच्या घरातही आजोबांच्या पेटीत तांबडे फडके बांधलेला एक कागद आहे. त्यालाही सगळे सनदच म्हणतात.